पिवळी रेघ, हिरवी रेघ

नवरात्र बसलं की आमच्या चिखलीच्या सोसायटीत नळावरून भांडणं सुरू होतात. पार्किंगमध्ये नळ एकच आणि खंडेनवमीच्या आत प्रत्येकाला आपली गाडी चकचकीत करायची असते. वरून ऑक्टोबरचं ऊन. सकाळी धुतलेली फरशी दहा मिनिटांत कोरडी होते आणि ओल्या सिमेंटचा वास तेवढा मागे राहतो. हे ऊन आवडतं म्हणणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. मला मात्र एका वर्षी ते आवडलं होतं. तीन वर्षं झाली त्याला. त्या ऑक्टोबरात आमच्या घरी दोन नव्या मोटारसायकली आल्या, एक बालाजीची, एक माझी. तेव्हापासून दिवाळीपर्यंतचे तीन-चार आठवडे मी जेवढी खूश होते तेवढी आधी कधी नव्हते, आणि नंतर तर नाहीच. म्हणून आता झेंडूच्या पाट्या रस्त्याकडेला दिसायला लागल्या की मी दुसरीकडे बघते.

मी चाकणला ट्रकचे ॲक्सल बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची, हा माझा धंदा. एकवीस वर्षं तेच केल्यामुळे स्वभावही तसाच झालाय. लग्नाला गेले तर मांडवाचा खांब तिरका दिसतो, नवी साडी घेतली तर आधी काठाचा धागा सुटलेला सापडतो. पप्पा पिंपरीच्या कंपनीत होते. ते म्हणायचे, ही पोरगी जेवायला बसली तरी ताटात खडाच शोधते. बालाजी, माझा नवरा, माझ्याच कंपनीत लाईनवर नट आवळायला होता. मूळचा उदगीरकडचा. हवेची गन हातात धरून दिवसाला शेकडो नट. नट आवळला की त्याने पिवळ्या पेंट मार्करने एक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट नंतर जरा जरी हलला तरी रेघेचे दोन तुकडे होतात आणि लगेच कळतं. मग तो माल माझ्याकडे यायचा. मी टॉर्क पाना लावायचे. हा पाना बरोबर ताण आला की 'टक्' असा आवाज करतो. नट आधीच नीट आवळलेला असेल तर पाना हलायच्या आत टक् होतं. तो आवाज आला की मी पिवळ्या रेघेशेजारी माझी हिरवी रेघ ओढायची.

आमची ओळख व्हायच्या आधी वर्षभर आमच्या रेघा शेजारी शेजारी होत्या. हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की तीन नंबरवर जो कोणी आहे त्याचा माल परत पाठवावा लागत नाही, आणि त्याची रेघ सरळ असते. पुढे कँटीनमध्ये कुणीतरी दाखवलं, तो बघ, तीन नंबर. मी जाऊन त्याला म्हणाले, तुमच्यामुळे माझं काम राहिलं नाही. तो लाजून म्हणाला, "तुमी चेक करता म्हणून तर मी नीट करायलोय." आमच्यात जे काही झालं ते असं, लोखंडावरच झालं.

गाड्यांचं खूळ त्याचं. लग्नानंतर पंधरा वर्षं आम्ही एकाच गाडीवर काढली, मी मागे, मांडीवर डब्याची पिशवी. त्या वर्षी अचानक त्याने ठरवलं, लांब जायच्या गाड्या घ्यायच्या. एक नाही, दोन. मी म्हटलं, दोन कशाला? मला मागे बसायला काही होत नाही. तर म्हणाला, "माझ्या मागं बसून तुला काय दिसतंय? नुस्ती पाठ." चऱ्होलीला नव्या सोसायट्यांसाठी सपाट करून ठेवलेले प्लॉट होते, तिथे दर रविवारी त्याने मला गिअरची गाडी शिकवली. मी बेचाळिशीची बाई, घाम पुसत आठचा आकडा काढतेय आणि वॉचमन खुर्ची वळवून बघत बसलाय. मी दोनदा पडले. तो हसला नाही. त्याला एवढी कसली घाई आहे, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं.

शोरूममधले ते तीन शनिवार माझ्या चांगले लक्षात आहेत. आत एसीचा गारवा आणि नव्या रबराचा वास. दाराबाहेर हायवेवरून कंटेनर गेले की काचा थरथरायच्या. मी माझ्या सवयीने रंगाचे डाग शोधत होते, वेल्डिंगवरून बोट फिरवत होते. विकणारा पोरगेलासा माणूस वैतागून म्हणाला, "मॅडम, गाडी घ्यायचीय का परत पाठवायचीय?" मला उंचीची अडचण. चांगल्या चांगल्या गाड्यांवर बसलं की पाय लोंबकळायचे. शेवटी एक मिळाली, बसकी सीट, रुंद टाकी, हँडल छातीसमोर यायचं आणि पाठ सरळ राहायची. तिच्यावर बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या तेव्हा मी आरशात स्वतःकडे बघून घेतलं. बरी दिसत होते.

बालाजी मात्र दिसण्याकडे बघतच नव्हता. प्रत्येक गाडीवर बसायचा आणि डोळे मिटून क्लच दाबायचा. दाबायचा, सोडायचा, दाबायचा. कधी चार बोटांनी, कधी दोन. पाच-पाच मिनिटं. त्याला मनापासून आवडलेली एक उंच, दणकट गाडी होती, ती तो नुसती बघून आला आणि घेतली दुसरीच. मी विचारलं तर म्हणाला, "हिचा क्लच हलका हाय." मी त्या विकणाऱ्याला अभिमानाने सांगितलं, आमचे हे फिटर आहेत, सगळं हाताने तपासतात. मला खोट शोधायची एवढी हौस, आणि समोर माझा नवरा स्वतःच्या बोटांना झेपेल अशी गाडी शोधत होता ते दिसलं नाही.

नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवायचे असतात, इंजिन मोकळं होईपर्यंत जास्त पिळायचं नाही. आम्ही दोघं नियमाची माणसं. पुस्तकात लिहिलंय तेवढ्याच वेगाने जायचो. रविवारी उजाडता निघायचं, मोशीला इंद्रायणी ओलांडायची, चाकणचा चौक गर्दी व्हायच्या आत गाठायचा. कंटेनर, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस, सगळे आम्हाला ओलांडून जायचे. एकदा एक दूधवालासुद्धा दोन्हीकडे कॅन लावून पुढे गेला आणि वळून बघत हसला. कंटेनर शेजारून गेला की आधी वारा ढकलायचा, मग ओढायचा, आणि गाडी जड असल्याने तिथल्या तिथेच राहायची. पहिल्या दिवशी मी या वाऱ्याला एवढी घाबरले की खेडला चहाला थांबलो तेव्हा हातातून हँडल सोडवेना. दुसऱ्या रविवारी मी कंटेनरची वाट बघायला लागले.

खेडच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला वळलं की कंपन्या संपतात. भाताला पिवळेपणा आलेला असतो, चासकमानच्या धरणाचं पाणी मधेच डाव्या हाताला चमकतं. इंजिनची ऊब नडगीला लागते. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जो घोगरा आवाज काढते तो मला आवडायचा, मुद्दाम गिअर टाकायला उशीर करायचे. पंधरा वर्षं मी त्या रस्त्याने बालाजीची पाठ बघत गेले होते. आता तो माझ्या आरशात होता. लहानसा, हेल्मेटातला, एका ठरावीक अंतरावर. मी वळणावर दिसेनाशी झाले की तो वेग वाढवायचा, ते मला आरशात कळायचं. एवढं सुख मला सवयीचं नव्हतं. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने गायचे, बेसूर, कुणाला ऐकू जात नाही म्हणून.

थांबलो की तो पहिलं काम करायचा ते म्हणजे हात काखेत घालायचे. ऑक्टोबरच्या उन्हात. मी विचारलं की म्हणायचा, ग्लोव्हजनं घाम येतोय. चहाचा ग्लास तो दोन्ही तळव्यांमध्ये धरायचा, देवाचं तीर्थ घेतल्यासारखा. हॉर्न अंगठ्याऐवजी मनगटाने दाबायचा. शर्टाची बटणं मीच लावून द्यायला लागले होते, ते मला लाडाचं वाटत होतं. हे सगळं मी बघितलं होतं. क्वालिटीतली बाई होते ना मी.

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी त्याने पार्किंगमध्ये माझ्या गाडीची चेन ताणली. नव्या चेनी ढिल्या पडतात. त्यासाठी मागच्या चाकाचा मोठा नट सोडावा लागतो आणि परत आवळावा लागतो. त्याने आवळला, खिशातून मार्कर काढला, दाताने टोपण उघडलं आणि सवयीने पिवळी रेघ ओढली. मी चहा घेऊन खाली आले होते. मी रेघ बघितली, सरळ होती, त्याची. टॉर्क पाना वर घरात होता. कोण चार मजले वर जाणार? मी माझ्या पर्समधला हिरवा मार्कर काढला आणि गंमत म्हणून शेजारी माझी रेघ ओढून दिली. "पास," मी म्हटलं. तो हसला. एकवीस वर्षांत पाना न लावता मी ओढलेली ती एकच रेघ.

चासच्या पुढे एका उताराला गाडी मागून डुलायला लागली. आधी वाटलं, रस्ता खराब आहे. मग चेनचा खडखडाट ऐकू आला आणि मागचं चाक माझं ऐकेना. डाव्या हाताला खाली धरणाचं पाणी होतं आणि मध्ये एक फूटभर उंचीचा कठडा. कशी थांबले ते मला आजही सांगता येत नाही. बालाजी धावत आला, खाली बसला. पिवळी रेघ तुटली होती, हिरवीपण. त्याने नटाला हात लावला तर नट बोटांनी फिरला.

तो रस्त्यातच बसला. हेल्मेट तसंच डोक्यात. ग्लोव्हज काढून त्याने हात माझ्यासमोर धरले. सकाळच्या गारव्यात त्याची बोटं पेरापर्यंत पांढरीफटक होती, चुना लावल्यासारखी.

"मला कळंना झालंय संगीता," तो म्हणाला. "किती आवळलंय ते. पाना हातात हाय का न्हाई, ते बी कधी कधी कळत न्हाई."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली असतील."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू गाड्या घिऊ दिल्या नसत्यास. बोटं हायत तवर एकदा तुझ्यासंगं जावं म्हणलं." मग म्हणाला, "आन् नंतर तुला तरी चालवता यावी."

मी त्याच्यावर ओरडले. त्या निर्मनुष्य रस्त्यावर घसा बसेपर्यंत ओरडले. तू मला मारलं असतंस, असं म्हणाले. मी पाना लावला नव्हता, हे त्याने तेव्हाही म्हटलं नाही, पुढेही कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग डॉक्टर झाले. पहिला, दुसरा, तिसरा. सगळ्यांनी तेच सांगितलं, वर्षानुवर्षं गनचे हादरे बसून बोटांच्या नसा गेल्या आहेत, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. आहे ते म्हणजे किती, हे कुणी सांगेना. मी तिळाचं तेल कोमट करून चोळलं, मेणाचा शेक दिला, कुणी सांगितलं म्हणून माण गावातल्या एका वैद्यांकडे सहा महिने नेलं. तो लहान मुलासारखा हात पुढे करून बसायचा. चोळून झालं की मी विचारायचे, आता? काही कळतंय? तो हो म्हणायचा. त्याचं हो खोटं आहे, हे आता मला लगेच कळायचं आणि तरी मी रोज विचारायचे. कंपनीने त्याला लाईनवरून काढून टूल स्टोअरला बसवलं. आता तो दुसऱ्यांना गन काढून देतो. पहिल्या हिवाळ्यात तो गाडी थोडी थोडी चालवायचा. मग एकदा चाकणच्या चौकात क्लच पुरता दाबला गेला नाही, गाडी उसळून पुढच्या टेम्पोला जाऊन टेकली. कुणाला काही झालं नाही. त्याने घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली.

माझ्या मागे बस म्हटलं, तर बसला नाही. भांडले, रडले, अबोला धरला. तो एवढंच म्हणाला, "माझ्यानं बसवत न्हाई गं." मग मीही एकटी गेले नाही. दर रविवारी मी पार्किंगमध्ये दोन्ही गाड्या सुरू करायचे आणि दहा मिनिटं तशाच चालू ठेवायचे. शेजारच्या बाई म्हणायच्या, कुठे निघालात? मी म्हणायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. खरं म्हणजे मला दोन्ही आवाज एकत्र ऐकायचे असायचे. हे सगळं उलटं फिरावं, तो शनिवार परत यावा आणि मी चार मजले चढून पाना आणावा, एवढंच डोक्यात असायचं. अजूनही असतं.

या वर्षी त्याची गाडी विकायचं त्यानेच काढलं. उभी राहून खराब होतेय म्हणाला. मी महिनाभर टाळलं. चऱ्होलीचे एक गृहस्थ बघून गेले, त्यांना पसंत पडली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते न्यायला येणार होते.

मी फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला सोसायटीत आले तर ते आलेलेच होते. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, डोक्यात गुलाबी हेल्मेट. गाडी अशी धुतली होती की मला शोरूम आठवलं. बालाजी शर्ट भिजेपर्यंत राबला होता. मला बघून तो म्हणाला, "सगळं करून ठेवलंय. चेन ढिली होती, ती बी ताणली."

माझी नजर मागच्या चाकाकडे गेली. नटावर ताजी पिवळी रेघ होती. सरळ.

"उद्या खंडेनवमी हाय न्हवं," गृहस्थ सांगत होते, "दारात पूजा करायची म्हनलं आमी. पोरगी तर सकाळधरनं मागं लागलीया, मी मागं बसनार म्हून." मुलगी तोवर सीटवर चढून बसली होती. गृहस्थांनी किल्ली लावली.

मला फक्त गप्प बसायचं होतं. चऱ्होली काही लांब नाही. शेजाऱ्यांसमोर, परक्या माणसासमोर, त्याने दिवसभर राबून केलेल्या त्या शेवटच्या कामावर मी पाना लावायचा? बालाजी माझ्याकडे बघत नव्हता. फडक्याने टाकी पुसत होता, पुसलेलीच जागा पुन्हा.

"दादा, थांबा जरा," मी म्हटलं. "लेकीला खाली उतरवा."

मी वर गेले. पाना घेऊन खाली आले तेव्हा बालाजी चाकाजवळून बाजूला सरकून उकिडवा बसला होता. मला जागा करून दिली होती त्याने. मी पाना नटाला लावला आणि मनात म्हटलं, लगेच वाज. लगेच.

पाना फिरला. पाव फेरा, अर्धा फेरा, अजून थोडा. बालाजीची मान खाली होती. तो ऐकत होता. मग केव्हातरी टक् झालं. पिवळ्या रेघेचा अर्धा तुकडा नटाबरोबर फिरून पार खाली गेला होता.

"झालं का ताई?" गृहस्थांनी विचारलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. "होऊंद्या, आमचं काय न्हाई, घाई न्हाई."

"झालं," मी म्हटलं. मी पर्समधून हिरवा मार्कर काढला, पण हिरवी रेघ शेजारी कशाच्या ओढायची? बालाजीने अंगठ्याने जुनी रेघ पुसली, पेंट अजून ओलाच होता. मग खिशातून त्याचा पिवळा मार्कर काढला, दाताने टोपण उघडलं आणि मार्कर माझ्यापुढे धरला.

"दोन्ही तूच कर," तो म्हणाला.

मी आधी पिवळी ओढली, थोडी वाकडी आली. मग हिरवी ओढली. गृहस्थांनी मुलीला मागे बसवलं, गाडी सुरू केली. ती गेटपर्यंत गेली, वळली, आणि हायवेच्या आवाजात तिचा आवाज मिसळेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

बालाजी वाकून जमिनीवर बघायला लागला. गाडी होती तिथल्या ओल्या फरशीवर, खांबामागे, पाइपाच्या वेटोळ्याखाली.

"काय शोधतोयस?"

"मार्करचं टोपण. कुठं पडलं की. पेंट वाळून जाईल."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. टोपण त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांमध्ये होतं. मीही खाली वाकले आणि त्याच्याबरोबर शोधायला लागले.